आवाज येता, चित्र खंय आसा?

नमस्कार दादा,

माझं माहेर देवगड तालुक्यात, नोकरीसाठी राहते दिव्याला. बाबा ७६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. तीसेक वर्षं गावच्या भजनात पखवाज वाजवला. आता हात थरथरतो, म्हणून गेल्या गणपतीत ते शेवटचे बारीला, म्हणजे भजनाच्या फेरीला बसले. त्या रात्रीचे आणि नंतर शिमग्यातल्या पालखीचे मिळून चाळीसेक व्हिडिओ माझ्या आणि चुलतभावाच्या मोबाईलमध्ये आहेत. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर बाबांना दिसत नाही आणि घरात रेंज म्हणाल तर पडवीच्या एका कोपऱ्यात. पण जुना डब्बा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहेत. प्लेअर त्यांना लावता येतो. मी लॅपटॉपवर कोऱ्या डीव्हीडीत व्हिडिओ टाकले. विंडोजने विचारलं तेव्हा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ हाच पर्याय निवडला. लॅपटॉपवर डिस्क छान चालली, गावी प्लेअरवर ‘नो डिस्क’. मग नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, तर त्याने बाबांच्या तोंडावरून आडवं स्वतःचं नाव छापलं. भाऊ म्हणतो, पेनड्राइव्ह दे आणि विषय संपव. हे खरंच फुकटात होतं का, की दुकानात द्यावं?

– एक माहेरवाशीण

*

ताई,

तुमची डिस्क बिघडलेली नाही आणि बाबांचा प्लेअरही ठणठणीत असणार. घोटाळा झालाय तो विंडोजच्या त्या एका प्रश्नापाशी, आणि तिथे भलेभले घसरतात. ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ असं वाचलं की कुणालाही वाटणार, चला, घरच्या प्लेअरवर चालणारी डिस्क होतेय. प्रत्यक्षात विंडोज तुमच्या फायली जशाच्या तशा उचलून डिस्कवर ठेवतं आणि दार लावून घेतं, बस. दुसरा पर्याय म्हणजे पेनड्राइव्हसारखी वापरायची डिस्क. ती तर घरचे प्लेअर सहसा ओळखतच नाहीत. दोन्हीकडून ‘नो डिस्क’च.

म्हणजे असं बघा, तुम्ही बाबांकडे नारळ आणि आमसुलं पाठवलीत आणि त्यांच्या हातात आहे नुसता पेला. सोलकढी इथूनच काढून पाठवायला हवी.

कुडाळात माझं फोटो-शूटिंगचं छोटं दुकान आहे. व्हीएचएस कॅसेटपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. त्यामुळे ही कढी कशी काढायची ते सांगतो. पैसा लागेल तो कोऱ्या डिस्कांपुरता.

आधी प्लेअरला काय पचतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची बटणं पाठ करावी लागणार नाहीत. डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा जपानात विक्रीला आले ते १९९६ च्या नोव्हेंबरात. डिस्कवर चित्र कसं ठेवायचं याचे नियम त्याच सुमाराला ठरले आणि बाबांच्या टीव्हीखालचा प्लेअर आजही तेच नियम पाळतो. चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबलेलं, म्हणजे कमी जागेत बसवलेलं हवं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. आवाज एसी३, एमपी२ किंवा न दाबलेला पीसीएम. हे सगळं ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये, व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा ठरलेल्या फायलींमध्ये मांडलेलं असावं लागतं. प्लेअर डिस्क फिरवतो, तो फोल्डर शोधतो, नाही सापडला तर हात वर करतो. तुमच्या मोबाईलचा व्हिडिओ आहे एमपी४, आत एच.२६४ नाहीतर एच.२६५ या नव्या पद्धतीने दाबलेलं चित्र, ठिपके १९२० बाय १०८०. त्या बिचाऱ्या प्लेअरमध्ये हे उलगडणारी चिपच नाही. लॅपटॉपचं काय, तो काहीही खातो. त्यामुळे लॅपटॉपवर चाललं याला या कामात काडीची किंमत नाही.

आता भावाच्या पेनड्राइव्हबद्दल. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. चुलतभावाला सांगून प्लेअरच्या दर्शनी बाजूचा फोटो मागवा. यूएसबीची खाच दिसतेय का? ‘डिव्हएक्स’ अशी खूण आहे का? असेल तर पेनड्राइव्ह चालू शकेल, पण मोबाईलचा एमपी४ तसाच टाकून नव्हे. त्या पिढीच्या यूएसबीवाल्या प्लेअरना एव्हीआय फाईलमधला एक्सव्हिड पद्धतीचा व्हिडिओ किंवा साधा एमपीजी कळतो, एच.२६४ कळत नाही. एकदा वेंगुर्ल्याकडच्या एक आजी नातवाने दिलेला पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “आवाज येता, पण चित्र खंय आसा?” नातवाच्या मुंजीतले मंत्र खणखणीत ऐकू येत होते आणि पडदा काळा. आवाज प्लेअरच्या ओळखीच्या पद्धतीचा होता, चित्र नव्हतं. आजींनी ती अख्खी मुंज दोन वेळा नुसती ऐकली होती. रेडिओसारखी.

तरी मी डिस्कच करा म्हणेन, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. ‘प्लेअर त्यांना लावता येतो.’ पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर बारीक अक्षरात यादी येते. ‘व्हीआयडी’ आणि पुढे चौदा आकडे, अशा चाळीस ओळी. थरथरत्या हाताने बाण दाबत त्यातून आपली बारी शोधायची. त्यापेक्षा कप्पा उघडला, डिस्क ठेवली, कप्पा आत गेला आणि पखवाज सुरू झाला, हे किती बरं.

दुकानात द्यायला माझी ना नाही, पोटावर पाय कशाला आणू! पण हल्ली बऱ्याच दुकानांत डिस्क मारून द्या म्हटलं की फायली कॉपी करूनच देतात, म्हणजे तुम्ही केलंत तेच, वर पैसे. शिवाय कुठला तुकडा ठेवायचा नि कुठला गाळायचा हे तुम्हाला कळणार, दुकानातल्या पोराला नाही.

आता ते फुकट. फुकट दोन प्रकारचं असतं, देवगडकरणीला हे मी काय सांगायचं. एक म्हणजे आंबेवाल्याने चाखायला दिलेली हापूसची फोड. खाल्ली की पेटी घ्यावी लागते. तुमच्या त्या सॉफ्टवेअरने बाबांच्या तोंडावर नाव छापलं ते या जातीचं. दुसरं म्हणजे शेजारणीने परसातली तोंडली हातावर ठेवावी तसं. त्याला मुक्त स्रोत म्हणतात. नाव छापत नाही, मुदत संपत नाही. आपल्या कामाला या दुसऱ्या जातीची दोन लागतील, व्हिडिओ कापायला-जोडायला शॉटकट आणि त्यातून प्लेअरची डिस्क घडवायला डीव्हीडीस्टाइलर. दोन्ही विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतात. डिस्क मारायला विंडोजवर इम्गबर्न घ्या. तेही फुकट आहे, २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, पण काम चोख. उतरवताना ज्याच्या त्याच्या मूळ ठिकाणावरूनच उतरवा आणि बसवताना ‘नेक्स्ट नेक्स्ट’ करत धावू नका. मधेच एखादी खूण आधीच टिक केलेली असते आणि नको ती पाहुणी मंडळी आत शिरतात.

कुणी हँडब्रेक सुचवेल. सॉफ्टवेअर उत्तम, पण त्याचं काम उलट दिशेचं, डिस्कवरून फाईल काढायची. त्यातून डीव्हीडी बनत नाही. यात माणसांचा अख्खा रविवार गेलेला मी पाहिलाय.

कामाला बसण्याआधी चुलतभावाकडून त्याचे व्हिडिओ पुन्हा मागवा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले असतील तर ते वाटेत चेपले गेलेत. मोबाईलवर कळत नाही, टीव्हीवर पालखीच्या गर्दीतले चेहरे शेवाळासारखे दिसतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव म्हणावं, मग फाईल मूळची तशी येते.

पहिलं काम शॉटकटमध्ये. नवीन प्रोजेक्ट करताना व्हिडिओ मोड ‘एचडी १०८०पी २५ एफपीएस’ निवडा, कारण शेवटी पाल म्हणजे २५ वर यायचंच आहे. मग एकेक क्लिप उघडा. काही क्लिपांना शॉटकट म्हणेल, हिचा फ्रेम रेट कमीजास्त होतोय, संपादनाला सोयीची करून देऊ का. हो म्हणा. जागा खाईल, वेळ खाईल, तरी हो म्हणा. मोबाईल कमी उजेडात सेकंदाला कधी ३० फ्रेम घेतो, कधी २४, आणि गणपतीतली बारी रात्री पेट्रोमॅक्सच्या नाहीतर हॅलोजनच्या उजेडातली. अशी क्लिप तशीच पुढे ढकलली तर आवाज नि चित्र हळूहळू फुटतात. सुरुवातीला समजत नाही. वीस मिनिटांनी थाप आधी ऐकू येते आणि हात मागाहून पडतो. इतर कुणी दुर्लक्ष करेल, पण तीस वर्षं पखवाजावर बसलेल्या माणसाला हे दाखवणं म्हणजे शिक्षा.

क्लिपा क्रमाने टाइमलाइनवर लावा. जमिनीकडे रोखलेला कॅमेरा, ‘चालू झालं काय रे?’ वगैरे कापून टाका, पण गजर मधून तोडू नका. बुवांनी चाल चढवत नेलेली असते आणि पखवाज त्यांच्या मागोमाग चढत असतो. तो चढ अर्ध्यात कापला तर बाबा तुम्हालाच फोन करून विचारतील. दोन क्लिपांच्या मध्ये फार तर साधं काळं येऊन जाऊ दे. मी वीस वर्षं लोकांच्या लग्नांत हृदयाच्या आकाराचे, गुलाबाच्या पाकळ्यांचे इफेक्ट टाकले आहेत, ते पाप माझ्यापुरतंच राहू दे.

आवाजावर मात्र वेळ घालवा. दोन वेगळे मोबाईल, एक बुवांच्या पुढ्यात, एक मांडवाच्या टोकाला. एक क्लिप कानठळ्या बसवेल, पुढची पुटपुटेल. प्रत्येक क्लिप निवडून फिल्टरमध्ये ‘नॉर्मलाइज: टू पास’ लावा आणि त्याला मोजणी करू द्या, सगळ्यांची पातळी एक होईल. इतकं केलं तरी मोबाईलच्या माइकला कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा नीट पकडता येत नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. टीव्हीला बाहेरचा स्पीकर जोडता आला तर जोडा. डब्ब्याच्या स्पीकरमध्ये चाटीचा, म्हणजे उजव्या बाजूचा आवाज तेवढा येईल, धुमा कुठला.

उभे धरून काढलेले व्हिडिओ टीव्हीवर मधोमध एका पट्टीत दिसणार, दोन्ही बाजू काळ्या. त्याला इलाज नाही. ताणून पसरवू नका. पुढच्या शिमग्याला चुलतभावाच्या हाताला धरून मोबाईल आडवा करा.

सगळं लागलं की एकच एमपी४ फाईल बाहेर काढा. बारीची एक, पालखीची एक, अशा दोन काढल्यात तर दोन डिस्का होतील आणि तेच मला जास्त पसंत आहे. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. फाईल किती जीबीची झाली हे विसरा, मिनिटं मोजा. पुढे सगळं नव्याने दाबलं जाणार असतं, त्यामुळे २० जीबीची फाईल म्हणून घाबरायचं कारण नाही आणि १ जीबीची आहे म्हणून सहा तास कोंबायचंही नाही. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवले तर चित्र नि आवाज मिळून सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, दीड तासाला ७ च्या आसपास. नियमाप्रमाणे नुसत्या चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे, पण जुने प्लेअर त्या टोकाला अडखळतात. पालखी नाचतेय, गुलाल उडतोय, शंभर डोकी हलताहेत, असल्या चित्राला बिट जास्त लागतात. तिथे दीड तासाच्या वर जाऊ नका. भजनात माणसं जागेवर बसलेली, दोन तास बिनधास्त घाला.

आता डीव्हीडीस्टाइलर उघडा. पहिल्याच खिडकीत सगळं ठरतं. क्षमता ४.७ जीबी, व्हिडिओ फॉरमॅट पाल, ऑडिओ एसी३, चित्राचा बिटरेट ऑटो ठेवा, तो मिनिटं बघून आपला आपण बसवतो. आवाजाचा बिटरेट २५६ किलोबिटच्या खाली नेऊ नका. गुणोत्तर १६:९ ठेवा, कारण मोबाईल आडवा धरला की चित्र तेवढंच रुंद येतं.

इथे डब्बा टीव्हीवाल्यांसाठी एक खाचखळगा आहे. टीव्ही ४:३ चा, डिस्क १६:९ ची. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही टाइप’ चुकीचा असेल तर चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि सगळं भजनी मंडळ पोफळीसारखं उंच नि बारीक दिसतं. गावी गेल्यावर रिमोटवर सेटअप दाबून तिथे ‘४:३ लेटरबॉक्स’ करा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, माणसं माणसांसारखी दिसतील. जुने टीव्ही चारही कडा थोड्या खातात, हेही असू द्या. शॉटकटमध्ये नावं घातली असतील तर ती कडेला चिकटवू नका, नाहीतर बुवांच्या नावाचं पहिलं अक्षर लाकडी पेटीत जाईल.

पुढे तो टेम्प्लेट विचारतो. फुलं, ढग, फुगे. ‘नो टेम्प्लेट’ घ्या. मेनू हा प्रकारच नको. मेनू आला की बाण आला, ओके आलं, आणि फुग्यांच्या चित्रावर घर अडकून बसलं. खालच्या पट्टीत रिकामा मेनू आपोआप आलाच असेल तर तो काढून टाका, फक्त तुमची फाईल राहू दे, म्हणजे डिस्क घातल्या घातल्या बारी सुरू होईल. त्या फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दर पाच मिनिटांनी एक चॅप्टर पाडा. मग बाबांना रिमोटच्या ‘नेक्स्ट’ने उड्या मारत आवडत्या गौळणीपर्यंत जाता येईल.

माझी एक सवय म्हणून सांगतो, फायलींची आणि फोल्डरची नावं छोटी, इंग्रजी अक्षरांत नि मधे जागा न सोडता ठेवा. डिस्कवर मार्करने काय हवं ते मराठीत लिहा.

बर्न दाबलं की तो विचारतो, थेट डिस्क मारू की आयएसओ करू. आयएसओ करा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल. दीड तासाच्या व्हिडिओला लॅपटॉपच्या वकुबाप्रमाणे अर्धा तास लागेल किंवा दोन, तेवढ्यात तुमचा स्वयंपाक होईल. फक्त लॅपटॉप मधेच झोपी जाणार नाही असं बघा. झाला की तो आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून शेवटपर्यंत पळवत बघा. थाप नि हात जुळताहेत का, चॅप्टरच्या उड्या बसताहेत का. इथे चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही.

लिनक्स वापरणारं कुणी हे वाचत असेल तर डीव्हीडीस्टाइलरऐवजी डेवेडे बघा, आणखी सुटसुटीत आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरशी दोस्ती असेल त्याने तर ‘पाल-डीव्हीडी’ एवढं लक्ष्य दिलं की चित्र नि आवाज नियमात बसतात. डीव्हीडीस्टाइलरही पोटात तेच वापरतो.

कोऱ्या डिस्का घेताना डीव्हीडी मायनस आर मागा. प्लस आरसुद्धा बहुतेक प्लेअर वाचतात, पण जुन्याला मायनस जास्त मानवते असा माझा अनुभव. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहायची, तिच्यावरून प्रकाश कमी परततो म्हणून बरेच म्हातारे प्लेअर तिला नाकारतात. तुमच्या लॅपटॉपला राइटर नसेल तर यूएसबीचा मिळतो. तो थेट लॅपटॉपला जोडा, चार वाटांच्या हबला नको, वीज पुरत नाही.

इम्गबर्नमध्ये ‘राइट इमेज फाईल टू डिस्क’, आयएसओ दाखवा, आणि वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा. ‘व्हेरिफाय’वर टिक असू दे. आयएसओवर उजवं बटण दाबून विंडोज स्वतःही डिस्क मारतं, पण तिथे वेग निवडता येत नाही, आणि वेगाने मी एकदा हात पोळून घेतलेत. एका लग्नाच्या चाळीस प्रती सकाळपर्यंत हव्या होत्या. रात्री बसलो, १६एक्सवर फटाफट मारल्या, एक लावून पाहिली, पहिली पाच मिनिटं छान चालली. पंधरा दिवसांत निम्म्या परत आल्या. सगळ्यांची तक्रार एकच, पाठवणीच्या वेळी हँग होते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, वेग बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त असतो आणि पाठवणी नेमकी तिथे. मुलगी काही केल्या सासरी जाईना! वधूपिता दुकानात येऊन जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. तेव्हापासून ४एक्स, आणि प्रत्येक डिस्कचा शेवट आधी बघायचा, सुरुवात नंतर.

बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कला रीजन असतो, भारताचा ५. घरी केलेल्या डिस्कला तसलं कुलूप नसतं, त्यामुळे दुबईहून आणलेल्या प्लेअरवरही ती चालायला हरकत नाही.

डिस्क झाली की वरून कागदी स्टिकर लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत जुलैपर्यंत त्याची एक कड सुटते, डिस्क थरथरत फिरते आणि एखाद्या दिवशी प्लेअरच्या आत अडकते. बॉलपेनही नको, टोक रुतलं तर डिस्क दुखावू शकते. मऊ टोकाचा मार्कर वापरा. पावसाळ्यात डिस्का कव्हरमध्ये उभ्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगा. नवीन चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या त्यात टाका. उन्हात, खिडकीच्या फळीवर ठेवायच्या नाहीत. लिहिलेली डिस्क म्हणजे रंगाचा पातळ थर, उन्हाने विटतो. पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आणि प्लेअर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवत राहावा. आत थोडी ऊब राहते. गटारीपासून गणपतीपर्यंत बंद ठेवलेले प्लेअर दरवर्षी माझ्याकडे भिंगावर वाफ नाहीतर बुरशी धरून येतात.

मूळ व्हिडिओ मात्र डिस्कच्या भरवशावर पुसू नका. डीव्हीडीवर गेलेलं चित्र मोबाईलच्या चित्रापेक्षा कितीतरी कमी ठिपक्यांचं, पुन्हा त्यातून मूळ निघत नाही. एक हार्डडिस्क तुमच्याकडे आणि एक प्रत भावाकडे, तेवढाच त्यालाही उद्योग.

जाल तेव्हा प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती न्या, एक बाबांची, एक बुवांसाठी. बुवा मागणारच. आणि कणकवलीला उतरलात की रिमोटसाठी पेन्सिल सेलची एक जोडी घ्या, जुने सेल आत गळले असतील तर खालची पत्री खोडरबरने घासून मगच नवे घाला.